गोळी मेडिकलमध्ये मिळते, डॉक्टर कुठे मिळतो?

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या सुरुवातीला माझ्या धाकट्या बहिणीचा डावा पाय सुजला. अम्मीला वाटले पाय मुरगळला असेल. ती चोळण्यासाठी तेल कोमट करायला उठली. तेवढ्यात बहिणीने मला माडीवर बोलावले आणि कपाटातल्या कपड्यांमागून गोळ्यांची रिकामी पाकिटे काढून दाखवली. संततिनियमनाच्या गोळ्या. आठ महिने ती रोज दोन-तीन घेत होती. कुणी लिहून दिल्या नव्हत्या. मोबाइलवरच्या एका ग्रुपवर नाव कळले आणि रत्नागिरीतल्या मेडिकलमध्ये काही न विचारता मिळाल्या.

आज मी तिला बहीण म्हणतो. त्या दिवसापर्यंत सगळे घर तिला माझा भाऊ समजत होते.

पायात रक्ताची गुठळी निघाली. नशीब, कुणी पाय चोळला नाही आणि उपचार वेळेत मिळाले. ती बरी झाल्यावर मी रागावून विचारले, “डॉक्टरकडे का गेली नाहीस?” ती म्हणाली, “गेले होते, भाई. तिघांकडे.” पहिल्याने सांगितले, लग्न करा, सगळे ठीक होईल. दुसऱ्याने ऐकून घेतले आणि हे आमचे काम नाही म्हणून चिठ्ठी परत केली. तिसऱ्याने कंपाउंडरला आत बोलावून हसत हसत पुन्हा सगळे सांगायला लावले. चौथे दार तिने ठोठावलेच नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नव्हे. तरी त्यानंतरच्या दीड वर्षात जे शिकलो ते लिहिणे मला गरजेचे वाटते. कारण अशा गोळ्या कपाटात लपवणारे घर आमचे एकटेच नसणार. पुढचे सगळे अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आहे.

आधी त्या गोळ्यांविषयी. संततिनियमनाच्या बहुतेक गोळ्यांत एथिनिल एस्ट्रॅडिऑल असते. ते जास्त प्रमाणात घेतले तर रक्त गोठण्याचा धोका वाढतो. धूम्रपानाने तो आणखी वाढतो. म्हणून तज्ज्ञ ते देत नाहीत. ते साधे एस्ट्रॅडिऑल देतात आणि त्याच्या जोडीला पुरुषी संप्रेरक रोखणारे औषध. बहिणीला आधी गुठळी झालेली असल्यामुळे डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्यांनंतर गोळीऐवजी त्वचेवर लावायचे जेल निवडले. हा फरक मेडिकलवाला सांगत नाही, मोबाइलवरचा ग्रुपही सांगत नाही.

डॉक्टर शोधायचा तो एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे ज्यांना आपण मधुमेह-थायरॉइडचे डॉक्टर म्हणतो. जाण्याआधी फोन करून सरळ विचारा : ट्रान्सजेंडर व्यक्तींना हार्मोन देता का? आधी दिले आहेत का? मानसोपचारतज्ज्ञाचे पत्र लागेल का? पत्र बहुतेक ठिकाणी मागतात. त्याला घाबरू नका. त्या भेटीत वेड तपासत नाहीत. आपण काय करतो आहोत हे माणसाला नीट समजले आहे ना, हे पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ही गोष्ट मानसिक विकारांच्या यादीत नाही. उलट, कुणी डॉक्टर ‘मुलाला सरळ करून देतो’ म्हणाला तर तिथून उठा. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असे ‘उपचार’ व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत.

पहिल्या भेटीत औषध हातात पडेलच असे नाही. आधी रक्ततपासणी होते : हिमोग्लोबिन, साखर, चरबी, यकृत, मूत्रपिंड, संप्रेरके. सिगारेट, घरातला हृदयविकार, चालू असलेली औषधे, स्वतःच्या मनाने घेतलेल्या गोळ्या, सगळे खरे सांगा. आणखी एक प्रश्न लाजून टाळू नका : पुढे मूल हवे आहे का? या उपचारांनी प्रजननक्षमता कमी होऊ शकते, कधी कायमची. वीर्य किंवा बीजांड साठवायचे असेल तर ते औषध सुरू करण्याआधीच.

मग वाट पाहणे. स्त्री-संप्रेरके घेणाऱ्यांची त्वचा मऊ होणे, चरबीची ठेवण बदलणे, स्तनांची वाढ हे साधारण तीन ते सहा महिन्यांत सुरू होते आणि पुरे व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. आवाज बदलत नाही. त्यासाठी सराव करावा लागतो. दाढी औषधाने जात नाही. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांची पाळी बहुधा सहा महिन्यांच्या आत थांबते, मुरमे येतात, पहिल्या वर्षात आवाज जाड होऊ लागतो. दाढी पुरती यायला चार-पाच वर्षेही लागतात. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही, असे समजू नका. टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होऊ शकते, म्हणून तपासणी चुकवायची नाही. जाड झालेला आवाज आणि वाढलेले स्तन औषध थांबवल्यावर मागे जात नाहीत. पहिले वर्षभर दर तीन महिन्यांनी तपासणी, नंतर वर्षातून एक-दोनदा.

आम्हाला डॉक्टर मुंबईत मिळाले. रात्रीच्या गाडीने जायचे, दिवसभर रांगेत, पुन्हा रात्रीच्या गाडीने परत. नोकरी नसलेल्या किंवा घरातून हाकललेल्या मुलीला हे परवडेल का? मुंबईच्या सरकारी जी. टी. रुग्णालयात फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्रान्सजेंडर रुग्णांसाठी ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला, ही चांगली गोष्ट. पण कल्याण आणि पुण्यातली ‘मित्र क्लिनिक’ जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी मदत थांबताच बंद पडली. आपल्या माणसांचे आरोग्य दुसऱ्या देशाच्या एका सहीवर टांगलेले होते.

खरे तर ही जबाबदारी आपल्याच सरकारची आहे. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याच्या कलम १५ मध्ये हार्मोन उपचार, समुपदेशन आणि विमा यांची सोय सरकारने करावी असे लिहिले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारतखाली वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या विम्याचा करारही झाला. त्यासाठी राष्ट्रीय पोर्टलवरचे ट्रान्सजेंडर प्रमाणपत्र लागते. रुग्णालय योजनेत आहे का, ते आधी विचारून घ्यावे.

आणि यात रत्नागिरीला न जमण्यासारखे काय आहे? एस्ट्रॅडिऑल रजोनिवृत्तीच्या त्रासावर देतात. पुरुषी संप्रेरक रोखणारे स्पिरोनोलॅक्टोन हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांना देतात. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या पुरुषांना तेच इंजेक्शन देतात. औषधे इथल्या दुकानांत आहेत, रक्ततपासणी इथल्या लॅबमध्ये होते. २०२३ पासून इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. महिन्यातून एक ओपीडी, एक प्रशिक्षित डॉक्टर, एक समुपदेशक आणि नाव पुकारताना न हसणारा कर्मचारी, एवढीच आमची मागणी आहे.

‘हे मजहबात बसते का’ हा प्रश्न मोहल्ल्यात आम्हालाही विचारला गेला. इराणमध्ये आयातुल्ला खोमेनींनी १९८० च्या दशकातच लिंगबदलाच्या उपचारांना परवानगी देणारा फतवा दिला होता. सगळे उलेमा त्याच्याशी सहमत नाहीत, हेही खरे. पण वाद मिटेपर्यंत आजारी माणसाला दारात उभे ठेवा, असे तर कुणी सांगितलेले नाही.

अब्बा पहिल्या दोन खेपांना आले नाहीत. तिसऱ्या खेपेला न बोलता डबा घेऊन स्टेशनवर हजर झाले. रुग्णालयात खिडकीवरच्या बाईंनी विचारले, “पेशंटचे कोण तुम्ही?” अब्बा म्हणाले, “वडील. मुलीला दाखवायला आणलंय.” त्या दिवशी बहिणीने डॉक्टरांना पहिल्यांदा सगळे सांगितले, किती गोळ्या, किती महिने, काहीही न लपवता.

तुमच्या घरात कुणाचे कपाट नेहमी बंद असेल, तर आधी त्याच्याशी बोला. डॉक्टरकडे जाताना त्याच्यासोबत जा. आणि जिल्हा रुग्णालयाला ओपीडीसाठी अर्ज लिहाल, तेव्हा सहीसाठी मला हाक मारा.