सारे समाविष्ट, प्रकृती वगळून

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यानंतरचा सोमवार होता. दवाखाना उघडला तेव्हा माझे एक जुने रुग्ण बाहेरच्या बाकावर बसलेले दिसले. वय ७६, निवृत्त शिक्षक. हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची क्षमता कमी झाल्यामुळे गेली काही वर्षे औषधे चालू आहेत आणि ती घेण्यात त्यांची कधी चूक होत नाही. त्या दिवशी मात्र दोन पायऱ्या चढून त्यांना धाप लागली होती. घोट्यावर बोट दाबले की खळगा पडत होता. आठवड्याभरात वजन ३ किलोंनी वाढले होते आणि आदली रात्र त्यांनी तीन उशांना टेकून, जवळजवळ बसूनच काढली होती.

गोळी एकही चुकली नव्हती. चौकशी करता उलगडा झाला. लग्नाला पन्नास वर्षे झाली म्हणून मुलांनी आई-वडिलांना कोकणातील एका रिसॉर्टमध्ये चार दिवस नेले होते. राहणे, न्याहारी, दोन्ही वेळचे जेवण, दुपारचा चहा आणि भजी, सारे एकाच रकमेत. रोज सूप, पापड, लोणचे, सुकी मासळी आणि मसाल्याचे ताक झाले होते.

"कमी मिठाचे करून द्या, असे सांगितले नाही का?" मी विचारले.

"आपण पाहुणे. त्यांना कशाला त्रास द्यायचा?" आजोबा म्हणाले.

"आणि पैसे तर भरलेलेच होते," आजींनी पुस्ती जोडली.

त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करावे लागले. पाच दिवसांनी ते घरी परतले. पण ती दोन वाक्ये माझ्या मनात राहिली. पहिल्यात संकोच आहे, दुसऱ्यात वसुली. अशा ठिकाणी आपल्या ज्येष्ठांची प्रकृती बिघडते ती बहुधा या दोहोंमुळेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढानेही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सुमारे एका सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ घ्यावे. शेकडो माणसांसाठी रांधणारे स्वयंपाकघर सर्वांच्या जिभेला रुचेल अशा बेताने मीठ घालते. ते मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. दुबळ्या हृदयाला तो भार पेलत नाही आणि पाणी पायांत आणि फुप्फुसांत साठू लागते. अशा रुग्णांनी प्रवासातही रोज सकाळी वजन करावे. तीन दिवसांत २ किलोंहून अधिक वाढले, तर सहल संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

आता संकोचाविषयी. 'भीड ही भिकेची बहीण' असे आपण म्हणतो. आजारपणाशीही तिचे नाते जवळचेच आहे. यजमानाला त्रास होतो तो मागणीमुळे कमी आणि ती ऐनवेळी पुढे आल्यामुळे अधिक. सकाळी निरोप मिळाला, तर मीठ घालण्यापूर्वी वाटीभर वरण आणि भाजी बाजूला काढणे आचाऱ्याला अवघड नसते. दुपारी दीड वाजता, मागे रांग उभी असताना तेच मागितले, तर तो काहीच करू शकत नाही. म्हणून पथ्य, तळमजल्यावरील खोली, स्नानगृहातील आधाराची दांडी आणि जेवणाची वेळ या गोष्टी आरक्षण करतानाच सांगाव्यात आणि पोहोचल्यावर एकदा आठवण द्यावी. वेळेवर सांगणे हा पाहुण्याचा शिष्टाचारच आहे.

मधुमेहींनी वेळेचे विशेष भान ठेवावे. जेवणापूर्वीचे इन्सुलिन खोलीतच टोचून घेतले आणि पुढे रांगेत अर्धा तास गेला, तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. जेवण तयार आहे याची खात्री झाल्यावरच इंजेक्शन घ्यावे. रांगेत कुटुंबातील तरुणाने उभे राहावे, ज्येष्ठांनी बसावे. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसली आणि साखर ७० च्या खाली असली, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. रुग्णाची शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे. वापरलेली सुई खोलीतील कचऱ्याच्या डब्यात कधीही टाकू नये. तो डबा रिकामा करणाऱ्या हातांना ती टोचते. झाकणाच्या जाड प्लॅस्टिक बाटलीत साठवून ती परत आणावी.

वसुलीचा मोह ताटात दिसतो. आधी रिकाम्या हातांनी एक फेरी मारावी, काय काय आहे ते पाहावे, मग थोडे थोडे वाढून घ्यावे. पानात टाकू नये, हा घरचा संस्कार दाराबाहेरही लागू आहे. एका पदार्थाचा डाव दुसऱ्यात घालू नये. कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असते, कुणी शाकाहारी असते. रुमालात इडल्या बांधून खोलीवर नेणे हा नियमभंग तर आहेच, शिवाय शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ उघड्यावर राहिले की त्यात जंतू वाढतात. वृद्धांना जुलाब लागले, तर शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. असे जुलाब होत असताना तरणतलावात मुळीच उतरू नये. एरवीही आधी अंघोळ करूनच उतरावे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक नाजूक गोष्ट. रात्री लघवीवर ताबा राहत नसेल, तर रबरी चादर सोबत न्यावी. तरीही अंथरूण ओले झालेच, तर ते पांघरुणाखाली लपवू नये. स्वच्छता कर्मचाऱ्याला बाजूला घेऊन शांतपणे सांगावे आणि त्याचे आभार मानावेत. त्यात आजी-आजोबांची अप्रतिष्ठा नाही.

आमचे आजोबा आता बरे आहेत. मे महिन्यात नातीच्या हट्टामुळे पुन्हा जायचे ठरते आहे. रिसॉर्टला फोनवर काय सांगायचे, ते त्यांनी कागदावर लिहून आणले होते: वय ७६, हृदयविकार. जेवण अळणी. खोली तळमजल्यावर. रात्रीचे जेवण आठच्या आत. जवळचे रुग्णालय कोणते, ते कळवावे.

खाली आजींच्या अक्षरात आणखी एक ओळ होती: पापड मागितल्यास देऊ नये.