बुडालेल्या शेताला वन म्हणू नका

पेण, अलिबाग आणि उरण तालुक्यांच्या खाडीकाठी, म्हणजे खारेपाटात, एक अघोरी हिशेब वर्षानुवर्षे चालू आहे. बाहेरकाठ्याला, म्हणजे समुद्र अडवणाऱ्या बाहेरच्या बांधाला, खांड पडते. खारे पाणी भाताच्या खाचरांत शिरते. खांड बुजवायला सरकारकडे कधी पैसा नसतो, कधी परवानगी नसते, कधी ठेकेदार नसतो. एक उधाण जाते, दुसरे येते, चार-पाच पावसाळे उलटतात आणि जिथे भाताची लावणी व्हायची त्या चिखलात कांदळवनातल्या तिवराची रोपे उभी राहतात. मग उपग्रह वरून जातो, त्याला हिरवे दिसते आणि त्या हिरव्याची नोंद देशाच्या वनआच्छादनात होते. शेतकऱ्याचे शेत गेले ते कोणत्याही वहीत खर्ची पडत नाही. त्यावर झाड उगवले ते मात्र राष्ट्राच्या जमेला धरले जाते. माणसाची जमीन बुडणे ही जिथे पर्यावरणाची कमाई ठरते, तिथला कारभार हा उघडा दरोडा आहे, आणि हवामानबदलाचे पवित्र नाव घेतल्याने त्याचे पाप तसूभरही कमी होत नाही.

हा आमचा रागाच्या भरातला अलंकार नव्हे. भारतीय वन सर्वेक्षणाची व्याख्याच अशी आहे. एक हेक्टर किंवा त्याहून मोठा तुकडा असावा आणि त्यावर झाडांची सावली किमान १० टक्के असावी, की ते वनआच्छादन झाले. जमीन कोणाची, कायद्याने ती वन आहे की शेत, झाड कोणत्या जातीचे, हे विचारायचे नाही. श्रीवर्धनची पोफळीची बागायत त्या मोजणीत वन, मुरूडची नारळाची वाडी वन, आणि अलिबाग तालुक्यातल्या शहापूर-धेरंडकडचे बुडीत खाचरही वन. मोजणीच्या सोयीसाठी केलेली व्याख्या मोजणीपुरती ठेवली असती तर आम्ही तक्रार केली नसती. पण याच आकड्यांच्या बळावर भारताने जगाला वचन दिले आहे: २०३० पर्यंत जंगले आणि झाडे वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड जिरवण्याची जादा सोय करू. आणि २०१९ च्या सप्टेंबरात वाळवंटीकरणविरोधी परिषद ग्रेटर नोएडाला भरली तेव्हा दुसरे वचन दिले: २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर नापीक जमीन पुन्हा सुपीक करू. एकाच बुडालेल्या खाचराकडे पाहून पहिले वचन पाळले गेले असे म्हणता येते, आणि दुसरे मोडले गेले असेही. या दोन वचनांची गाठ कुठे पडते हे पाहायला दिल्लीहून कोणी खारेपाटात उतरले आहे काय?

कोणी आमच्या शब्दांचा आधार घेऊन कांदळवनावर कोयता चालवू पाहील, म्हणून हे आताच बजावतो. बाहेरकाठ्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला उभे असलेले तिवर आणि चिप्पी हे खारेपाटाचे पहिले संरक्षक आहेत. ते लाटेचा जोर मोडतात, गाळ धरतात, कोलंबी-जिताड्याच्या पिल्लांना आसरा देतात. त्यांच्या मुळांखालच्या चिखलात शतकांचा कार्बन दडलेला असतो, आणि ते झाड तोडून दुसरीकडे शंभर रोपे लावली तरी तो चिखल परत मिळत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवनतोडीवर बंदी घातली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ही तोड म्हणजे संविधानाच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कावरच घाव असल्याचे सांगितले. त्या निकालातले प्रत्येक अक्षर आम्हाला मान्य आहे. आमचे भांडण बाहेरचे तिवर आणि आतले तिवर यांतला फरक न ओळखणाऱ्या आंधळ्या कारभाराशी आहे. बाहेरचे तिवर बांधाला जगवते. आतले तिवर हे बांध मेल्याचे लक्षण आहे.

आणि हा बांध कोणी घातला? रायगडच्या आगरी, कोळी, कुणबी बापजाद्यांनी खाडीतला चिखल टोपल्यांनी उपसून, थरावर थर थापून घातला. बाहेरचा उंच काठा समुद्राला अडवी, आतले बांध गोडे पाणी धरून ठेवीत. ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर जावे आणि भरतीला खारे आत येऊ नये म्हणून उघाड्या बसवल्या. पाऊस मातीतले मीठ धुऊन नेई आणि भुरा राता, काळा राता अशा मीठ सोसणाऱ्या भातांची रोपे उभी राहत. खेकड्यांनी पोखरलेले प्रत्येक बीळ उन्हाळ्यात बुजवावे लागे, कारण मुठीएवढे भोक एका अमावास्येच्या उधाणात गाडी जाईल एवढे होते. हे काम घराघरातून माणूस देऊन केले जाई. शहापूरकडे त्याला जोळ म्हणत. ज्याचे शेत बांधाला लागून नाही त्यालाही यावे लागे, कारण खांड पडली की पाणी सातबारा वाचून थांबत नाही.

याच मातीसाठी चरीच्या शेतकऱ्यांनी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी संप पुकारला. घाम कुळाचा आणि भात खोताच्या कोठारात, हा अन्याय मोडण्यासाठी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आसपासच्या गावांनी तब्बल सहा वर्षे शेते ओसाड ठेवली. लाकूडफाटा विकून, उपाशी राहून ते लढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. त्या लढ्यातून पुढे कूळकायद्याची वाट मोकळी झाली. ज्या जमिनीसाठी एका पिढीने सहा वर्षे पोटाला चिमटा घेतला ती जमीन आज खोताने नव्हे, सरकारी अनास्थेने हिरावली आहे. खोताला निदान चेहरा होता. त्याच्या वाड्यावर मोर्चा नेता येत होता. आता मोर्चा कोणाच्या दारात न्यायचा?

१९४८ साली मुंबई प्रांताने खारजमिनींचा कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्राने खारभूमी विकासाचा नवा कायदा केला. हेतू चांगला होता: गरीब गावाला न झेपणारा खर्च सरकारने उचलावा. पण बांध सरकारी झाला आणि जोळ मोडली. गावाचा हात बांधावरून निघाला आणि खात्याचा हात तिथवर पोहोचलाच नाही. आज खांड पडली की शेतकरी खारभूमीच्या कार्यालयात जातो. ते म्हणतात निधी मागितला आहे. निधी आला की कळते बांधाच्या दोन्ही अंगांना तिवर आहे, यंत्र न्यायला आणि चिखल काढायला वनखात्याची परवानगी लागेल. वनखाते कागद मागते. कागद महसूलकडे असतात. अंबा नदीच्या मुखातून माल नेणाऱ्या बार्जच्या लाटांनी काठा खचतो अशी ओरड गावे करतात, तर तो प्रश्न बंदराच्या खात्याचा. एवढ्यात दुसरा पावसाळा येतो. पहिल्या वर्षी दोन माणसांनी बुजवली असती ती खांड तिसऱ्या वर्षी खाडीचा फाटा होते. गणेशपट्टीसारख्या वस्तीला याच खाऱ्या पाण्याने घरदार सोडायला लावले. तिथली माणसे समुद्राने हाकलली असे म्हणणे हा समुद्रावर खोटा आळ आहे.

भरपाईचे काय होते तेही पाहा. समुद्राच्या उधाणाला राज्याने आपत्तीच्या यादीत घेतले आहे, ही चांगली गोष्ट. पण पंचनामा होतो तो त्या हंगामाच्या पिकाचा. मीठ मात्र एका हंगामाचे नसते. पाणी ओसरल्यावर उन्हाळ्यात शेतावर पांढरा थर चढतो, रोप करपते, आणि खांड तत्काळ बुजवली तरी जमीन पुन्हा पिकायला सुमारे तीन पावसाळे जातात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने मीठ सोसणारे वाण शोधले, त्यांना आम्ही नमस्कार करतो. पण रोज दोनदा भरतीचे पाणी डोक्यावरून जाणाऱ्या शेतात कोणते वाण उभे राहणार? इस्रोच्या २०२१ च्या नकाशासंग्रहाने देशातली ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमीन निकृष्ट झाल्याचे दाखवले. आंतरराष्ट्रीय करारातली वाळवंटीकरणाची व्याख्या मात्र कोरड्या मुलखापुरती आहे. मग तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या कोकणात जमीन मरते हे कोणाला सुचणार? आमची जमीन तहानेने मरत नाही, बुडून मरते.

आता खाडीकडून डोंगराकडे वळा, कारण गुन्हा तिथेही तोच आहे आणि गुन्हेगारही तेच. उरण-पनवेलच्या टेकड्या मुरमासाठी आणि दगडासाठी पोखरल्या जातात आणि त्याच मुरमाने खाजणे बुजवली जातात. एकाच डंपरने डोंगरही नेला आणि पाणथळही नेली. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, नदी वळवली गेली. पाणजे-बेलपाड्याच्या पाणथळींवरचे पक्षी आणि कोळ्यांची जाळी या भरावाची साक्ष देत आहेत. भरतीच्या पाण्याला पसरायला जागा उरली नाही की ते बांधावर चढते. बंदराशेजारी भराव पडतो आणि त्याचे फळ दूरच्या खाचराला भोगावे लागते, हे समजायला मोठ्या विद्वत्तेची गरज नाही.

त्या डोंगरांची आठवण सरकारला करून देणे भाग आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर इंग्रजांचा जंगलकायदा मोडायला माणसे जमली. गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मा झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी होता. आज त्याच चिरनेरचे नाव कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराला दिले आहे. २०२४ साली उरण, पनवेल, पेणमधली १२४ गावे त्यासाठी नवनगर विकास प्राधिकरणाच्या हाती सोपवली गेली. दुसरीकडे नाग्याचे भाऊबंद, कातकरी आणि ठाकूर, दळीच्या, म्हणजे डोंगरउतारावर कसत आलेल्या, जमिनी वनहक्क कायद्याने आपल्या नावावर व्हाव्यात म्हणून वर्षानुवर्षे खेटे घालत आहेत. २००६ चा कायदा त्यांच्या बाजूने आहे, पण डोंगर त्यांच्या हातात द्यायला कोणी धजत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली, २७ मृतदेह हाती आले, ५७ माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. त्याआधी दोनच वर्षे तळिये तसेच दरडीखाली गेले होते. पश्चिम घाटाच्या उतारांना हात लावताना शंभरदा विचार करा आणि तिथल्या ग्रामसभेला विचारा, हे माधव गाडगीळांच्या समितीने २०११ मध्ये सांगितले होते. तो अहवाल बासनात बांधून ठेवणाऱ्यांना या मृत्यूंचा जाब कधी विचारणार?

कायद्याचा हात कोणावर कडक आणि कोणावर मऊ आहे, याचा एकच दाखला देतो. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत खाजगी जमिनीतल्या कांदळवनाभोवती संरक्षक पट्टा ठेवण्याची गरज नाही, अशी सवलत आहे. म्हणजे खाजगी मालकाला कांदळवनाच्या मुळाशी भिंत टेकवायची मोकळीक. आणि पेणचा शेतकरी खांड बुजवायला चिखलाची पाटी उचलायला गेला तर त्याला गुन्ह्याची धास्ती. उच्च न्यायालयाने कांदळवनाभोवतीच्या ५० मीटरच्या संरक्षक पट्ट्याला मालकीची अट घातलेली नाही. राज्याने त्या निकालाला धरून राहावे आणि ही सवलत महाराष्ट्रात चालणार नाही असे लेखी जाहीर करावे.

जमीन, वन आणि हवामान या विषयांवर धोरणे लिहिणाऱ्या सर्वांकडे आमची मागणी स्पष्ट आहे. खारेपाटातली प्रत्येक बुडीत जमीन निकृष्ट जमीन म्हणून नोंदवा आणि ती पूर्ववत करणे हे २ कोटी ६० लाख हेक्टरांच्या वचनाचा भाग धरा. जिथे शेत परत मिळवणे शक्य आहे तिथे बांध आधी उभा करा. जिथे खाडीने कायमचा ताबा घेतला आहे आणि तिवर दाट झाले आहे तिथे ते राखा, पण त्याच्या कार्बनाची किंमत सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला द्या, दरवर्षी द्या. ‘मिष्टी’ योजनेतून किनाऱ्यावर कांदळ लावायला पैसा आहे, तर त्या कांदळाने ज्याचे ताट ओढले त्याच्यासाठी का नसावा? बांधाची देखभाल गावाच्या हाती परत द्या आणि त्या कामाची मजुरी रोजगार हमीतून द्या. बांध-दुरुस्तीची परवानगी एकाच टेबलावर, पावसाळ्यापूर्वी आणि ठरल्या मुदतीत मिळाली पाहिजे. मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव गावाला कळले पाहिजे.

आणि खारेपाटातल्या गावांनो, पंचनाम्याची वाट पाहत बसू नका. ग्रामसभा बोलवा. कोणत्या वर्षी खांड पडली, कोणकोणते गट बुडाले, शेवटचे पीक कधी घेतले, तिवर कधी दिसू लागले, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून ठरावात लिहून काढा. ठरावाला नकाशा जोडा. तो तहसीलदाराला, पेणच्या खारभूमी कार्यालयाला आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाला एकाच दिवशी द्या आणि तिन्ही ठिकाणी पोच घ्या. उन्हाळा संपण्याआधी काठ्यावर काम सुरू झाले नाही, तर तीच पोच घेऊन उच्च न्यायालयात जा.