मोजे खाली, मान वर

मला मोजे खाली सरकवून खेळणारे फुटबॉलपटू आवडतात. नियम सांगतो की नडगीवर शिनगार्ड हवं आणि ते मोज्याने झाकलेलं हवं. ते केवढं असावं हे मात्र नियम खेळाडूवरच सोपवतो. जॅक ग्रीलिश या पळवाटेचा पुरेपूर फायदा घेतो. एका मोसमात धुऊन धुऊन मोजे आटले, नेमका त्याच मोसमात खेळ बहरला, म्हणून ही सवय लागली, असं त्यानेच सांगितलंय. डिफेंडर लाथ कुठे घालतात हे ज्याला सगळ्यात चांगलं ठाऊक, त्यानेच पोटऱ्या उघड्या टाकून मैदानात हिंडायचं! यात जो माज आहे, त्यावर मी फिदा आहे.

हल्लीच्या फुटबॉलवर बोलायचं म्हटलं की लोक पैशांवर घसरतात, व्हिडिओ पंचगिरीला (व्हीएआर) शिव्या घालतात, सौदी अरेबियापर्यंत जातात. माझी तक्रार बारकी आहे आणि ती मांडायला मला हा एक गडी पुरतो. बर्मिंगहॅमचा, १९९५ चा जन्म, सहाव्या वर्षी अ‍ॅस्टन व्हिलात दाखल. त्याचे खापरपणजोबा बिली गॅरेटी १९०५ साली एफए कप जिंकलेल्या व्हिलाच्या संघात होते. एका घरातल्या तीन-तीन पिढ्या एकाच तालमीच्या फुटबॉल संघाची जर्सी घालून खेळतात हे कोल्हापुरात कुणाला नवल वाटत नाही, त्यामुळे ग्रीलिशचं व्हिलाशी नातं काय होतं ते इथे फोड करून सांगायला नको.

व्हिलातला ग्रीलिश बघायला मी रात्री जागलोय. डाव्या बाजूला बॉल घ्यायचा, उजव्या पायाने तो पुढ्यात ठेवायचा आणि चक्क थांबायचं. समोरच्याला वाटावं, आता हिसकावतोच. तो पाय टाकतो, त्याच क्षणी हा आत वळलेला असतो. पुढे एकतर मोकळी जागा, नाहीतर फाउल. २०१९-२०च्या मोसमात प्रीमियर लीगमध्ये त्याच्यावर १६७ फाउल झाले. लीगमध्ये एका मोसमात तोवर कुणावरच इतके झाले नव्हते. त्याच्या आदल्या मोसमात, मार्च २०१९ मध्ये, बर्मिंगहॅम सिटीच्या मैदानावर एक प्रेक्षक पळत आत शिरला आणि मागून येऊन त्याने ग्रीलिशच्या जबड्यावर ठोसा मारला. हा उठला, केस नीट केले आणि दुसऱ्या हाफमध्ये सामन्यातला एकुलता एक गोल मारून व्हिलाच्या प्रेक्षकांच्या गर्दीत जाऊन पडला. पटकथा लेखकाने लिहिलं असतं तर दिग्दर्शकाने कापलं असतं, इतकं फिल्मी.

त्याच काळातली आणखी एक गंमत सांगतो, कारण ती फार कमी लोकांच्या लक्षात राहिली आहे. जून २०२०. कोविडनंतर लीग पुन्हा सुरू झाली त्या रात्रीचा पहिलाच सामना, व्हिला विरुद्ध शेफील्ड युनायटेड, रिकामं स्टेडियम. शेफील्डची फ्री किक आली, व्हिलाचा गोलकीपर बॉल पोटाशी धरून मागे मागे गेला तो थेट गोलरेषेच्या आत. उघड्या डोळ्यांनी दिसणारा गोल. पण पंचाच्या मनगटावरचं घड्याळ वाजलं नाही. गोलरेषेचं तंत्रज्ञान पुरवणाऱ्या हॉक-आय कंपनीने नंतर माफी मागितली. खेळाडूंच्या गर्दीमुळे सगळेच कॅमेरे झाकले गेले म्हणे. सामना ०-० सुटला. मोसमाच्या शेवटी व्हिला ३५ गुणांवर आणि त्याखालचे बोर्नमथ आणि वॉटफर्ड ३४ गुणांवर. त्या एका गुणावर व्हिला लीगमध्ये राहिला. शेवटच्या दिवशी वेस्ट हॅमविरुद्ध व्हिलाचा गोल कुणी केला हे वेगळं सांगायला नको. यंत्राच्या चुकीचा एवढा गोड प्रसाद फुटबॉलमध्ये दुसऱ्या कुणाला मिळाला असेल तर मला माहीत नाही.

पुढच्या मोसमात याच व्हिलाने लिव्हरपूलला ७-२ धुतलं. सात, दोन. चॅम्पियन लिव्हरपूलला. ग्रीलिशचे दोन गोल, तीन असिस्ट. त्या मोसमात दुखापतीमुळे तो लीगचे २६च सामने खेळला आणि त्यात त्याच्या नावावर ६ गोल, १० असिस्ट लागले. मग ऑगस्ट २०२१ मध्ये मँचेस्टर सिटीने १० कोटी पौंड मोजले. ब्रिटिश क्लबने एका खेळाडूसाठी तोवर एवढी रक्कम दिली नव्हती.

सिटीतल्या पहिल्या वर्षीही तो लीगचे २६च सामने खेळला. गोल ३, असिस्ट ३.

माणूस तोच, पाय तेच, मोजेसुद्धा तितकेच खाली. बदललं काय, तर त्याचं काम. कोच पेप ग्वार्डिओलाच्या संघात साइड बॅक आत, मिडफिल्डमध्ये येऊन उभे राहतात, दहाच्या दहा खेळाडू समोरच्याच्या अर्ध्यात पसरतात. पाठीमागे अर्धं मैदान ओस पडलेलं असतं. अशा वेळी विंगरने बॉल घालवला की प्रतिस्पर्ध्याला फक्त एक लांब पास टाकायचाय. म्हणून विंगरला सांगणं असतं, रेषेला चिकटून थांब, बॉल पायाखाली ठेव, दोन डिफेंडर तुझ्याकडे ओढून घे आणि मागे दे. आपले सगळे जागेवर पोचले की मग बघू. ग्रीलिशने हे काम इतकं चोख केलं की २०२३ मध्ये सिटीने लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग असा तिहेरी मुकुट मिळवला तेव्हा तो त्या संघाचा हक्काचा खेळाडू होता. इस्तंबूलच्या चॅम्पियन्स लीग फायनलनंतर तो कित्येक दिवस ज्या अवस्थेत हिंडत होता, ते व्हिडिओ बघितले असतील तर त्याच्या आनंदाबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

तेव्हा माझी तक्रार कोणत्या तोंडाने करायची? खेळाडूला हवं ते मिळालं, क्लबला मिळालं, कोच तर काय, दैवतच. व्हिलात राहून त्याला यातलं काही मिळालं नसतं. हा युक्तिवाद मला पूर्ण पटतो. आणि तरीही सिटीचा सामना लावला आणि ग्रीलिशकडे बॉल गेला की मी चहा टाकायला उठायचो, कारण पुढे काय होणार ते माहीत असायचं. तो थांबणार, बघणार, मागे देणार.

मोठ्या क्लबांनी खेळाडूकडून बॉल घालवण्याचा हक्क काढून घेतलाय, असं माझं म्हणणं आहे. ड्रिबल म्हणजे मुळात जुगार. दहादा प्रयत्न केला तर सहादा फसणार, आणि त्या सहांपैकी एखाद्यात आपल्यावर गोल होणार. पाठीवर जीपीएसचं जॅकेट घालून खेळाडू सरावाला उतरतो, प्रत्येक स्पर्शाची नोंद होते, दुसऱ्या दिवशी विश्लेषक लॅपटॉपवर लाल रंगात दाखवतो की या जागी तू बॉल घालवलास. फसलेले सहा ठळक दिसतात. उरलेल्या चारांत डिफेंडरच्या पोटात जो गोळा आला, तो मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. मग पोरगं शहाणं होतं आणि आडवा पास देतं. आडव्या पासवर कुणाची नोकरी जात नाही.

गंमत म्हणजे, ग्रीलिशला मवाळ केल्यावर सिटीने ऑगस्ट २०२३ मध्ये बेल्जियमचा जेरेमी डोकू आणला. समोर माणूस दिसला की त्याच्या अंगावर जाणारा, सरळसोट ड्रिबलर! हळूहळू ग्रीलिश बाकावर गेला आणि २०२५च्या क्लब वर्ल्डकपला तर संघासोबत अमेरिकेलाही गेला नाही. म्हणजे शेवटी ग्वार्डिओलालाही तोच मसाला लागलाच. याला मी दुटप्पीपणा म्हणणार नाही. बचावाच्या भिंती इतक्या पक्क्या झाल्या आहेत की कुणीतरी एकाने येडेपणा केल्याशिवाय त्या फुटत नाहीत, हे त्याला कुणाहीपेक्षा जास्त कळतं. माझा राग एवढाच आहे की येडेपणाचा कोटा एका संघात एकालाच.

आता कोचना एवढं बोलून झालं, तर आपणही आरशात बघायला हरकत नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर एखाद्या चुरशीच्या सामन्याला जा. पायऱ्यांवर पेठेपेठेचे गट, शिट्ट्या, झेंडे. विंगवर पोराने बॉल घेतला की माझ्या शेजारचा दादा उठून ओरडतो, “काढ! काढ त्याला! एकट्यानं जा!” पोरगं एकाला काढतं, दुसऱ्याला काढतं, सगळा स्टँड उभा. तिसऱ्यापाशी बॉल जातो. तोच दादा, त्याच दमात, “आरं पास द्यायला काय पैसं पडत्यात व्हय?” कोच आणि प्रेक्षक यांच्यात फरक म्हणाल तर एवढाच, कोच पोराला बदलू शकतो.

शिवाय आता घरातच एक हिशेबनीस बसलाय. माझा पुतण्या फँटसी लीग खेळतो. दर शुक्रवारी रात्री त्याचा संघ ठरतो. गोलचे इतके गुण, असिस्टचे तीन, क्लीन शीटचे इतके. सामना बघताना त्याची एक नजर मोबाइलवर. एकदा एका विंगरने तिघांना चकवून रेषेवरून असा काही बॉल आत सोडला की मी सोफ्यावरून उठलो. सेंटर फॉरवर्डने तो समोरून आकाशात मारला. पुतण्या म्हणाला, “काका, असिस्ट नाही धरत याला.” खरंय. नाही धरत.

या आडव्या पासांत आणखी एक गोष्ट मिसळली आहे, थकवा. चॅम्पियन्स लीगच्या गटात सहा सामने असत, २०२४ पासून प्रत्येक संघाला आठ. उन्हाळ्यात सुट्टी असायची, तिथे आता ३२ संघांचा क्लब वर्ल्डकप आला. सप्टेंबर २०२४ मध्ये सिटीचा रॉड्री म्हणाला की सामने इतके वाढलेत, खेळाडू संपाच्या काठावर आहेत. आठवड्याच्या आत आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. संप करायची गरजच उरली नाही. महिन्याभराने त्याला बॅलन डी’ओर मिळाला तो कुबड्यांवर. दर तीन दिवसांनी सामना असेल तर खेळाडूला विसावा कुठे मिळणार? मैदानातच, बॉल इकडून तिकडे फिरवत. अर्धा आडवा पास डावपेचाचा असतो, अर्धा दम खायचा.

आणि म्हणून स्पेनच्या लामिन यामालची मला भीती वाटते. म्हणजे त्याच्यासाठी वाटते. २०२४च्या युरोची सेमीफायनल, फ्रान्सविरुद्ध. फ्रान्स एका गोलने पुढे. पोरगं सोळा वर्षांचं, सतराव्या वाढदिवसाला चार दिवस बाकी. बॉक्सच्या बाहेर, मधोमध बॉल पायात, समोर फ्रान्सचा उंचपुरा राबियो. यामाल एकदा उजवीकडे झुकल्यासारखं करतो, बॉल डाव्या पायावर घेतो आणि पाव मीटर जागा मिळते न मिळते तोच मारतो. बॉल बाहेरून वळत खांबाला आतून लागून जाळ्यात. मी तो गोल इतक्यांदा बघितलाय की आता राबियोची दया येते. बिचाऱ्याने काहीही चूक केली नव्हती. तो जिथे उभा राहायला हवा, तिथेच होता.

या पोराला अजून कुणी शहाणं केलेलं नाही. हान्सी फ्लिकने बार्सिलोनात त्याला मोकळं सोडलं याचं श्रेय फ्लिकला द्यायलाच हवं. एप्रिल २०२५ मध्ये इंटर मिलानविरुद्धच्या ३-३ सामन्यात त्याने उजवीकडून जे काही केलं, ते बघून बचावपटूंनी वकील करावा अशी परिस्थिती होती. पण तोच सामना त्याचा बार्सिलोनासाठी शंभरावा होता, आणि तेव्हा तो अठराचाही नव्हता. पुढच्या सप्टेंबरात त्याला जांघेची दुखापत झाली आणि पेनकिलर देऊन त्याला स्पेनकडून खेळवलं म्हणून फ्लिक जाहीरपणे भडकला. क्लब आणि देश दोघांनाही पोरगं रोज हवं. दुखऱ्या जांघेने कुणी वेग बदलत नाही. तो बॉल मागे द्यायला शिकतो. ड्रिबलर मरतो तो कधीकधी असा, कुणीही त्याला “नको करूस” न म्हणता.

ग्रीलिशचं पुढे काय झालं? ऑगस्ट २०२५ मध्ये सिटीने त्याला एक वर्षासाठी एव्हर्टनला दिला. तिथे कोच डेव्हिड मोयेस, साठी ओलांडलेला स्कॉटिश माणूस, ज्याला वर्षानुवर्षं सगळे जुनाट आणि बचावखोर म्हणत आले. या जुनाट माणसाने केलं काय, तर डावी बाजू ग्रीलिशला देऊन टाकली. एव्हर्टनच्या नव्या स्टेडियममधला लीगचा पहिला सामना ब्रायटनविरुद्ध. २-० विजय, दोन्ही गोल ग्रीलिशच्या पासवर. पुढच्या आठवड्यात वुल्व्ह्जविरुद्ध ३-२, तिथेही दोन असिस्ट. लीगने महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यालाच निवडलं. बॉल घालवत होता का? घालवत होता की. मोयेस कोटाच्या खिशात हात घालून उभा, आणि पुढचा बॉल पुन्हा त्यालाच.

पुतण्याने दुसऱ्या सामन्यानंतर ग्रीलिशला आपल्या संघात घेतला. दोन आठवड्यांचे चार असिस्ट, बारा गुण, हातचे गेले होते.