पत्रपेटीवरचं नाव

फ्रान्समधल्या तुलूज शहरात येऊन महिना झाला होता. माझ्या नावाचं एक सरकारी पत्र आलं आणि तसंच परत गेलं. तळमजल्यावरच्या आमच्या पत्रपेटीवर नवऱ्याचं आडनाव होतं आणि पत्रावर माझं माहेरचं. इथे पेटीवर नाव नसेल तर ती व्यक्ती त्या घरात राहतच नाही, असं धरतात.

अंजनगाव सुर्जीत माहेरच्या नावानं मी बी.एड. झाले. लग्नात तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं मागे पडलं. इथे मात्र प्रत्येक फॉर्मवर आधी विचारतात ते जन्मदाखल्यावरचं नाव. 1794 च्या कायद्यापासून फ्रान्समध्ये तेच कायदेशीर. नवऱ्याचं आडनाव बाईनं हवं तर वापरावं, एवढंच. म्हणून भावाला जन्मदाखला काढायला सांगितलं, तर त्यावर नावाची जागा कोरी! घरच्यांकडून नाव घालायचं राहूनच गेलेलं. नोंदीसाठी शासनाची मुदतवाढ होती म्हणून निभावलं. आई फोनवर म्हणाली, "तिकडं तुह्या बापाचं नाव अजून चालते म्हणतं, मंग आपल्या इथं काऊन पुसतेत वं?"

मैत्रिणींनो, एवढ्यावरून फ्रान्स म्हणजे बायकांचा स्वर्ग असं समजू नका. नाव राखलेल्या या बाईला 1804 च्या नेपोलियनच्या संहितेनं नवऱ्याच्या आज्ञेत ठेवलं. मताचा हक्क मिळायला 1944 उजाडलं. नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी करायला, स्वतःचं बँकखातं उघडायला 1965 चा कायदा व्हावा लागला. आजही बुधवारी दुपारी मुलांना शाळा नसते, तेव्हा कामावरून लवकर घरी येते ती बहुधा आईच. आणि माझी गत? नवऱ्याच्या नोकरीमागे मी आले. माझ्या परवान्यावर नोकरीची मुभा नव्हती. पेटीवर माझं नाव चिकटवलं, पण घरभाड्याचा करार त्याचा, पगार त्याचा, खातं त्याचं.

म्हणून मला वाटतं, नावाचा प्रश्न मालमत्तेच्या प्रश्नापासून तोडून चालणार नाही. 1965 च्या त्याच कायद्यानं, वेगळा करार केला नसेल तर, लग्नानंतर कमावलेली मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी ठरते. मग बाई नोकरी करणारी असो की घर सांभाळणारी. आपल्याकडे गोव्यासारखा अपवाद सोडला तर असा कायदा नाही. घर मोडलं की बाईनं पोटगी मागायची, वाटा नाही.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नावापाठोपाठ आईचं नाव येऊ लागलं, हे चांगलंच झालं. पण सातबाऱ्याचं काय? शेतकरी संघटनेनं 1990 च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी स्वखुशीनं बायकोच्या नावे जमीन केली. पण हक्क किती दिवस नवऱ्याच्या खुशीवर सोडायचा? अंजनगावच्या पानमळ्यांत, पानपिंपरीच्या तोडणीत बाईचे हात राबतात. कागदावर ती कुठे असते?

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घराचा आणि शेताचा उतारा सोबत आणावा आणि त्यावरची नावं मोठ्यानं वाचून दाखवावीत. पुढचं काम काय, ते तिथेच ठरेल.