दांडा कोणासाठी?

स्लॅब टाकण्यापूर्वी सळ्यांची जाळी बांधणारा कामगार दिवसभर कमरेत वाकलेला असतो. सळ्या एकमेकींना छेदतात तेथे मऊ तारेचा वेढा द्यायचा, आकड्याने पीळ भरायचा आणि पुढे सरकायचे. चाळिशीपूर्वीच कंबर आणि मनगट तक्रार करू लागले, तरी त्याची नोंद कोणत्याही हजेरीपटात होत नाही.

जपानच्या मॅक्स कंपनीने १९९३ साली बॅटरीवर चालणारे गाठयंत्र बाजारात आणले. पिस्तुलासारखे धरून घोडा ओढला, की आजच्या यंत्रांत सेकंदाभरात गाठ पडते. अशा यंत्राला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. परंतु अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास बोलका आहे. नुसत्या यंत्राने मनगटाचे श्रम कमी झाले, पाठीचे वाकणे मात्र तसेच राहिले. यंत्राला लांब दांडा जोडला तेव्हाच कामगार ताठ उभा राहून गाठ मारू शकला.

मालकाला हवा असतो वेग, आणि तो पिस्तुलातच मिळतो. दांडा केवळ कामगाराच्या पाठीसाठी. म्हणून खरेदीच्या यादीत तो शेवटी येणार किंवा येणारच नाही.

दुसरा प्रश्न दामाचा. आपल्याकडे सळईचे काम बहुधा टनाच्या दराने टोळीला दिले जाते. कापणे, वाकवणे, खांद्यावरून वाहणे ही सारी मेहनत यंत्र आल्यावरही उरतेच. तरीही यंत्र ठेकेदाराच्या मालकीचे असेल, तर ‘गाठ आता आपोआप पडते’ म्हणून तो दर पाडणार. यंत्र टोळीचे असेल, तर त्याच दरात वाचलेले दिवस टोळीच्या पदरात पडतील. एकच यंत्र, एकच गाठ, फरक मालकीचा.

यंत्र महाग आहे, त्याला ठरावीक बनावटीची रिळेच लागतात, हे खरे. पण बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १९९६ च्या कायद्याने बांधकामखर्चावर १ ते २ टक्के उपकर बसवला आणि त्यातले हजारो कोटी रुपये खर्चाविना पडून राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्यावर कठोर ताशेरे ओढले. (कामगाराच्या नावाचा पैसा कामगाराला शोधत बसला, असेच म्हणावे लागेल.) नोंदणीकृत टोळ्यांच्या सहकारी संस्थांना या निधीतून दांड्यासह यंत्रे मिळावीत आणि यंत्र आल्यामुळे टनाचा दर घटणार नाही, हे करारात लिहून घ्यावे, ही मागणी कार्यकर्त्यांनी पुढील मोसमाचे दर ठरण्यापूर्वीच नाक्यानाक्यावर मांडली पाहिजे.