आधी रुग्णाला विचारा

‘त्यांना काही सांगू नका डॉक्टर, खचून जातील.’ कर्करोगाचा रिपोर्ट आला की नातेवाइकांची ही विनंती ठरलेली. मग केमोथेरपीची ‘ताकदीची सलाईन’ होते आणि डॉक्टरही मान डोलावतात. या लपवाछपवीच्या बाजूने तीन कारणे दिली जातात.

पहिले, ही आपली परंपरा आहे. त्यासाठी चरकाचा हवाला देतात. चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात वैद्याला बजावले आहे खरे, की आयुष्य थोडे उरल्याचे कळले तरी ते सांगू नये; पण सांगण्याने रुग्णाला किंवा दुसऱ्याला अपाय होणार असेल तेव्हाच. अट गाळून चरकाला साक्षीला बोलावता येत नाही. शिवाय लपवणे ही केवळ आपली रीत नाही. अमेरिकेत 1961 साली 219 डॉक्टरांच्या पाहणीत सुमारे 90 टक्क्यांचा कल कर्करोग न सांगण्याकडे होता. 1979 च्या पाहणीत 97 टक्के सांगण्याच्या बाजूने होते. अठरा वर्षांत बदलली ती संस्कृती नव्हे, डॉक्टरांची सवय.

दुसरे, रुग्ण खचेल. काही जण खचतातही. पण मुंबईत टाटा रुग्णालयाच्या रांगेत बसलेल्याला आपण कुठे आलो आहोत हे कळत नाही का? त्याला कळते, आणि घरच्यांसाठी तो न कळल्याचे सोंग घेतो. भीती तशीच राहते, फक्त ती बोलून दाखवायला माणूस उरत नाही.

तिसरे, धावपळ आणि खर्च घरचे करतात, तर निर्णयही त्यांचाच. त्यांचे कष्ट मान्य. मालकी मान्य नाही. भूल दिलेल्या सज्ञान मुलीचे गर्भाशय काढायला आईने दिलेली संमती सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये अग्राह्य ठरवली. 2018 मध्ये त्याच न्यायालयाने अखेरच्या उपचारांविषयी आगाऊ इच्छापत्र करण्याचा हक्क मान्य केला. आजारच ठाऊक नसलेला माणूस तो हक्क वापरणार कसा?

म्हणून सत्य रुग्णाच्या अंगावर फेकावे, असे नाही. बायोप्सीच्या आधीच त्याला विचारावे: ‘रिपोर्ट तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?’ ‘मुलाशी बोला’ म्हणाला, तर तो त्याचा निर्णय, तोही पाळावा. डॉक्टरांची 2002 ची आचारसंहिता आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नका आणि कमी करूनही सांगू नका, असेच म्हणते. ओपीडीत गर्दी कितीही असो, या एका प्रश्नापुरता वेळ निघतो. आणि नातेवाईक आधी येऊन गळ घालू लागले, तर डॉक्टरांनी स्पष्ट सांगावे: ‘त्यांनी विचारले नाही तर मी लादणार नाही, विचारले तर खोटे बोलणार नाही.’