औषधाआधीचा कुत्रा

संधिवाताच्या कुत्र्याला वेदनाशामक सुरू करताना आपण वजन लिहितो, मात्रा लिहितो, मालकाची तयारी असेल तर रक्ताच्या तपासण्याही लिहितो. कुत्रा घरी कसा वागतो ही नोंद मात्र केसपेपरवर सहसा नसते. पुढे दोन-तीन आठवड्यांनी फोन येतो: गोळी सुरू झाल्यापासून हा रात्री घरभर फिरतो, कमरेला हात लावला की गुरगुरतो, नाहीतर दिवसभर नुसता पडून असतो, गोळीमुळेच का हो, डॉक्टर? या प्रश्नाला 'वय झालंय त्याचं' हे उत्तर जितक्या सहज दिले जाते, तितक्याच सहज 'मग बंद करा गोळी' हेही दिले जाते, आणि दोन्ही उत्तरांना आधार सारखाच असतो, म्हणजे नसतो. औषधाआधीचा कुत्रा आपण विचारूनच घेतलेला नसेल, तर औषधानंतरच्या कुत्र्याविषयी काय बोलणार? वर्तनाची नोंद हा वेदनाशामक लिहिण्याच्या कामाचाच भाग मानला पाहिजे, आणि ती पहिल्या गोळीच्या आधी झाली पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

कार्प्रोफेन हे वेदनाशामक 1997 मध्ये अमेरिकेत कुत्र्यांसाठी उपलब्ध झाले. विक्रीनंतर आलेल्या तक्रारींतून त्याच्या माहितीपत्रकात जी यादी आली, तिच्यात उलटी-जुलाबांच्या जोडीला सुस्ती, अस्वस्थता, अतिचंचलपणा, आक्रमकपणा, दिशाभ्रम, तोल जाणे आणि झटके यांचाही उल्लेख आहे. हे होणे शरीरशास्त्राला धरूनच आहे. ज्या सायक्लोऑक्सिजनेज विकरांना आपण सांध्यात अडवू पाहतो, ती मेंदूतही नेहमीच्या कामात असतात. वयस्कर माणसांत इंडोमेथॅसिनने गोंधळलेपण येऊ शकते, हे मानवी वैद्यकाला जुने ठाऊक आहे. पण व्यवसायाच्या दृष्टीने दुसरा, आडवळणाचा मार्ग अधिक महत्त्वाचा वाटतो. जठरात व्रण होऊन हळूहळू रक्त जात असेल, मूत्रपिंड दमत असेल, यकृत बिघडत असेल, तर काळी विष्ठा किंवा कावीळ नजरेस पडण्याआधी मालकाला दिसते ती मरगळ, खाण्यावरची उडालेली वासना, दारावरची घंटा वाजली तरी न उठणे. 1998 साली अमेरिकी पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात कार्प्रोफेननंतर यकृताला इजा झालेल्या 21 कुत्र्यांची माहिती छापून आली, त्यांतले 13 लॅब्रॅडोर होते. लॅब्रॅडोर पाळलेही जास्त जातात आणि त्यांचे सांधेही जास्त दुखतात, म्हणून या आकड्याने जातीचा दोष सिद्ध होत नाही. तरी लॅब्रॅडोरचे वेड आपल्याकडेही कमी नाही, आणि 'सुस्त झालाय' ही तक्रार त्या जातीत स्वभाव म्हणून खपून जाण्याचा धोका सर्वांत मोठा.

स्टेरॉईडच्या बाबतीत तर पुरावा तक्रारींच्या यादीपुरता राहिलेला नाही. लोरेला नोतारी, डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये स्टेरॉईड घेणाऱ्या कुत्र्यांची इतर औषधे घेणाऱ्यांशी तुलना केली. मालकांच्या सांगण्यानुसार स्टेरॉईडवरचे कुत्रे कमी खेळत, जास्त दचकत, जास्त भुंकत, अन्नाजवळ कोणी आले किंवा झोपेत कोणी डिवचले तर अधिक चिडत आणि माणसांना टाळत. आपल्याकडे लंगडणाऱ्या कुत्र्याला स्वस्त आणि झटपट उपाय म्हणून प्रेडनिसोलोन आजही सर्रास दिले जाते. भिलाईत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो. कुत्रा धापा टाकतो, सारखे पाणी पितो, रात्री दोनदा बाहेर जायला मागतो. हे सगळे उन्हाच्या नावावर खपते, आणि हीच स्टेरॉईडची नेहमीची लक्षणे आहेत. उन्हाळ्याचा दुसरा फटका स्टेरॉईड नसलेल्या वेदनाशामकांना बसतो: पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिनांवर टिकून असतो आणि आपली गोळी नेमकी तीच कमी करते. त्यामुळे उन्हाळ्यात सुरू केलेल्या औषधाची आधीची नोंद अधिक काटेकोर हवी.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि ती पहिलीपेक्षा वजनदार आहे. वागणूक बिघडवण्यात औषधापेक्षा मोठी गुन्हेगार बहुतेकदा वेदनाच असते. मिल्स यांच्या गटाने 2020 मध्ये वर्तनाच्या तक्रारीसाठी आलेल्या प्राण्यांचा आढावा घेतला तेव्हा सावध अंदाजानेही सुमारे एक तृतीयांश प्राण्यांत कुठले ना कुठले दुखणे असावे असे दिसले. काही ठिकाणी हे प्रमाण 80 टक्क्यांच्या जवळ गेले. 2018 च्या एका छोट्या अभ्यासात फटाक्यांसारख्या आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्यांपैकी ज्यांचे स्नायू-सांधे दुखत होते, त्यांची भीती मोठ्या वयात सुरू झालेली आढळली. दिवाळीत सात वर्षांचा कुत्रा पहिल्यांदाच पलंगाखाली शिरला, तर मालकाला धीर देण्याआधी त्याचे खुबे चाचपून पाहायला हवेत. शिवाय वेदना ओसरल्यावरही वागणूक बदलते. महिनोन्महिने कोपऱ्यात पडलेला कुत्रा पुन्हा सोफ्यावर चढू लागतो, घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला वाडग्यापासून हाकलू लागतो. मालकाला वाटते औषधाने तो तापट झाला, प्रत्यक्षात त्याला आता भांडण्याइतके बरे वाटू लागलेले असते. सकाळच्या गोळीचा असर रात्री उतरत असेल तर चिडचिड फक्त रात्रीच दिसेल. आणि म्हातारपणातला बुद्धिभ्रंश याच रात्रीच्या येरझाऱ्यांचे रूप घेऊन येतो. इतकी कारणे एकाच चेहऱ्याने समोर उभी राहतात तेव्हा त्यांना वेगळे करण्याचे साधन एकच: काय आधी होते, काय नंतर आले, आणि औषध थांबवल्यावर काय गेले.

याच यादीत आपल्या भागाची दोन नावे धरली पाहिजेत, जी पाश्चात्त्य लेखांत तळटिपेत असतात. एक गोचीडताप: एर्लिकियाच्या संसर्गात सांधे दुखतात, कुत्रा मलूल होतो आणि प्लेटलेट घटतात, म्हणजे संधिवात समजून दिलेली गोळी रक्तस्रावाला आमंत्रण ठरू शकते. दुसरे रेबीज. अचानक चावू लागलेल्या, चाल बिघडलेल्या कुत्र्याचे खापर औषधावर फोडण्याआधी लसीकरण, चाव्याचा इतिहास आणि वेगळे ठेवून निरीक्षण यांत कसूर होता कामा नये. या एका बाबतीत चुकीला दुसरी संधी नसते.

आक्षेप येतील, आणि त्यांत तथ्य आहे. पहिला असा, की माहितीपत्रकातली यादी स्वेच्छेने कळवलेल्या तक्रारींची आहे. किती कुत्र्यांनी औषध घेतले हे तिच्यातून कळत नाही आणि कारण-परिणामही सिद्ध होत नाही. मान्य. म्हणूनच तिच्यावरून प्रमाण काढू नये. पण प्रमाण ठाऊक नाही आणि धोका नाही, ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसरा आक्षेप मालकाच्या साक्षीवर. लंगडणाऱ्या कुत्र्यांच्या चाचण्यांत खोट्या गोळीनंतरही सुधारणा दिसल्याचे 2012 मध्ये मायकल कॉन्झेमियस आणि रिचर्ड एव्हान्स यांनी दाखवले, आणि तो भास मालकांइतकाच पशुवैद्यकांनाही होत होता, हे त्यातले बोचरे वाक्य आपण सोयीस्करपणे विसरतो. त्यावर उपाय साक्ष फेटाळणे हा नव्हे. प्रश्न नेमके विचारणे हा आहे. 'बरा आहे का?' याला काहीही उत्तर येईल. जिना चढतो का, रात्री किती वेळा उठतो, कोणी अंगावरून हात फिरवला तर काय करतो, खाताना जवळ येऊ देतो का, ओळखीचा माणूस आल्यावर उठतो का, या प्रश्नांना उत्तर द्यायला मालकाला आठवावे लागते. सोबत मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ मागवावा. दवाखान्यात धास्तावलेला कुत्रा लंगडणेही लपवतो. पेनसिल्व्हेनिया आणि लिव्हरपूल विद्यापीठांत तयार झालेल्या प्रश्नावल्या याच कामासाठी आहेत. त्यांत वर्तनाचे चार प्रश्न आपले घालावेत.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: हे सगळे सांगितले तर मालक घाबरून औषधच देणार नाही आणि कुत्रा दुखत राहील. भीती खरी आहे, पण न सांगितल्याने ती टळत नाही. न सांगितलेल्या मालकाला बदल दिसला की तो न कळवता गोळी थांबवतो, आणि कुत्रा पुन्हा कण्हू लागला की घरातल्या डब्यातली माणसांची गोळी काढतो. डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला किती महाग पडतात ते या वाचकांना सांगायला नको. मेलॉक्सिकॅमचेही तेच. कुत्र्याला रोज किलोमागे 0.1 मिलिग्रॅम लागते, म्हणजे सहा किलोच्या पॉमेरेनियनला 0.6 मिलिग्रॅम; औषधाच्या दुकानातली माणसांची गोळी 7.5 मिलिग्रॅमची. तिचे बारा समान तुकडे करून दाखवणारा हात अजून जन्मायचा आहे. आधीच सांगितलेला मालक फोन तरी करतो. मग गोळी थांबवून काही दिवस पाहता येते, रक्त तपासता येते, मध्ये पुरेसा खंड ठेवून दुसरे औषध निवडता येते. एक वेदनाशामक थांबताच त्याच दिवशी दुसरे किंवा वर स्टेरॉईड, ही घाई मात्र टाळायला हवी.

पर्यायांबद्दलही थोडी सावधगिरी हवी. गॅबापेंटिनने गुंगी येते आणि पाय अडखळतात. मागचे पाय आधीच कच्चे असलेल्या कुत्र्यात त्याला आजार वाढला असे समजले जाते. ट्रॅमाडॉलचा प्रभावी घटक कुत्र्याच्या शरीरात फारसा तयारच होत नाही, आणि 2018 च्या एका चाचणीत कोपर-गुडघ्याच्या संधिवातात त्याचा उपयोग दिसला नाही. वर्तनासाठी फ्लुऑक्सेटिन सुरू असेल तर सेरोटोनिन वाढण्याचा धोका वेगळाच. नवे म्हणजे सुरक्षित असेही नाही. बेडिनव्हेटमॅब या महिन्यातून एकदा द्यायच्या इंजेक्शनला अमेरिकेत मे 2023 मध्ये मान्यता मिळाली, आणि डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या नियामकांनी पशुवैद्यकांना पत्र पाठवून तोल जाणे, झटके, मागचे पाय लुळे पडणे, लघवीवरचा ताबा सुटणे अशा तक्रारींकडे लक्ष वेधले. त्या पत्राने औषध बाद ठरले नाही, कोणत्या कुत्र्यात जपायचे ते कळले. गावोगावच्या दवाखान्यांतून आलेल्या सुट्या नोंदींशिवाय ते पत्र निघालेच नसते.

आपल्या देशात वेदनाशामकाचा सर्वांत गाजलेला दुष्परिणाम गुरांत दिसला नाही, तो गुरांची मढी खाणाऱ्या गिधाडांत दिसला. गिधाडांच्या मृत्यूंशी डायक्लोफेनॅकचा संबंध 2004 मध्ये उघड झाला, 2006 मध्ये पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. किटोप्रोफेन आणि एसेक्लोफेनॅकवरची बंदी यायला 2023 उजाडले. मधल्या वर्षांत ही औषधे आपल्याच चिठ्ठ्यांवर होती. माणसांच्या औषधांसाठी 2010 पासून दुष्परिणाम कळवण्याची राष्ट्रीय यंत्रणा चालते. प्राण्यांसाठी त्या तोडीची घडी अजून बसलेली नाही. ती बसेपर्यंत अंजोऱ्याचे पशुवैद्यक महाविद्यालय आणि नागपूरचे महाविद्यालय यांनी छत्तीसगढ आणि विदर्भापुरती एक साधी नोंदवही सुरू करावी, अशी आमची सूचना आहे: औषध, मात्रा, सुरू केल्याची तारीख, आधीचे वागणे, नंतरचे वागणे, थांबवल्यावर काय झाले, रक्ताचे अहवाल असल्यास ते. मालकाचे नाव नको. वाचकांनी अशा नोंदी पाठवल्या तर हे मासिक त्या छापेल, आणि ज्या केसमध्ये संशय घेतलेले औषध शेवटी निर्दोष निघाले, तिलाही तेवढीच जागा देईल.